पवित्रा आणि पोक

माझ्या पुतण्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे, हा शोध हर्ण्याच्या शिंप्याने लावला. घरात लग्न होतं, म्हणून पोराला कुर्ता शिवायचा होता. शिंप्याने टेप मानेवरून खांद्यावर टाकली, पुन्हा टाकली, चष्मा कपाळावर सरकवला, पोराला पाठमोरा उभा केला आणि मला विचारलं, "काका, हा एका खांद्यावर पोती उचलतो का?"

"छे हो. बॉक्सिंग करतो. पुण्याला असतो."

"असं होय! मग उजवीकडे थोडं पॅड घालतो," असं म्हणून त्याने वहीत मापापुढे एक फुली मारली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक दिली. तीन वर्षं आई-वडिलांनी, मित्रांनी, आरशाने आणि खुद्द पोराने जे पाहिलं नव्हतं, ते त्या टेपने अर्ध्या मिनिटात पकडलं. शिंप्यापुढे कुणाचं काही झाकून राहत नाही. ढेरीचं नाही आणि खांद्याचंही नाही.

घरी आल्यावर मी ही बातमी आईला सांगितली. आई ८४ वर्षांची आहे आणि तिचं पोकाशी जुनं वैर आहे. माझ्या लहानपणी "पोक काढू नकोस" हे वाक्य आमच्या घरात घड्याळाच्या ठोक्यांपेक्षा नेमाने ऐकू यायचं. जेवायच्या पाटावर, अभ्यासाच्या कंदिलापाशी, संध्याकाळी परवचा म्हणताना. वाक्याबरोबर पाठीत एक धपाटा यायचा आणि तोही अचूक पोकाच्या टेंगळावर. इतकं करून उपयोग काय झाला, तर मी ३१ वर्षं कचेरीत खर्डेघाशी करून अर्धगोल होऊन निवृत्त झालो. पण धपाटे फुकट गेले, असं आईला वाटत नाही. त्याशिवाय मी पूर्ण गोल झालो असतो, असं ती म्हणते.

तिने नातवाला पडवीत बोलावलं. "हो बघू ताठ." तो झाला. दोन श्वास ताठ राहिला आणि मग त्याचे दोन्ही खांदे ओहोटीच्या पाण्यासारखे आपोआप पुढे सरकले, हनुवटी खाली आली.

"हे काय रे मेल्या? घरात कुणाशी लढायला उभा आहेस?"

"आजी, आम्हाला असंच उभं राहायला शिकवतात," असं म्हणून त्याने पडवीच्या मधोमध प्रात्यक्षिकच दाखवलं. डावा पाय पुढे, गुडघे किंचित मोडलेले, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, मुठी गालांपाशी, डावा खांदा वर उचलून त्याच्या आडोशाला हनुवटी आणि पाठ छान गोल. आईने दळणाचा डबा खाली ठेवून सगळं शांतपणे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे जे करू नये म्हणून तुझ्या काकाला मी जन्मभर धपाटे घातले, ते शिकायला तू पुण्यात पैसे भरतोस?"

त्यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

पोराने जे दाखवलं त्याला आपल्याकडे चांगला शब्द आहे, पवित्रा. मूळचा हा शब्द लढवय्यांचा, लाठीच्या आणि तलवारीच्या हातांतला. हल्ली तो वर्तमानपत्रांनी पळवला आहे. रोज कुठला ना कुठला पक्ष आक्रमक पवित्रा घेतो आणि तोही खुर्चीत बसून. खरा पवित्रा अंगाने घ्यावा लागतो आणि तो जवळजवळ नेहमी वाकलेला असतो. कारण साधं आहे. बॉक्सिंगमध्ये हनुवटीवर ठोसा बसला की डोकं गरकन फिरतं आणि माणूस कोसळतो. तेव्हा हनुवटी ही लपवायची वस्तू. ती छातीशी न्यायची तर मान पुढे येणार, खांदे वर आणि आत येणार, त्यांच्या मागोमाग पाठ गोल होणार. माइक टायसनला त्याच्या गुरूंनी, कस डी'अमाटो यांनी, दोन्ही मुठी तोंडासमोर धरून लढायला शिकवलं. त्या पद्धतीचं इंग्रजी नाव म्हणजे तान्ह्या बाळाशी आपण तोंडावर हात धरून 'बुवा कुक' खेळतो, तोच खेळ. जगातला सगळ्यांत धडकी भरवणारा माणूस रिंगणात बुवा कुक करत शिरायचा, ही कल्पना मला फार आवडते. त्याच्या उलट मोहम्मद अली. हात कमरेशी, अंग ताठ, डोकं मागे झुकवून ठोसा नाकासमोरून जाऊ देणारा. आमच्या आईने अलीला पास केलं असतं. पण अलीसारखे पाय आणि अलीसारखी नजर नसताना तसं उभं राहणाऱ्याचं काय होतं, हे पुतण्याने मला फार उत्साहाने सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

कुस्तीत तर सगळा निकालच पाठीवर आणि खांद्यांवर. दोन्ही खांदे जमिनीला टेकले की खेळ खलास, मग ती कोल्हापूरच्या खासबाग मैदानातली माती असो की ऑलिंपिकची मॅट. आपल्या भाषेतही हे मुरलं आहे. हरलेल्याची पाठ लागते, त्याला अस्मान दाखवलं जातं. पाठ टेकल्यावर वर आभाळाशिवाय दुसरं दिसणार काय! पळणारा पाठ दाखवतो, भित्रा पाठ फिरवतो, आपला माणूस पाठीशी उभा राहतो, शाबासकीही पाठीवरच मिळते. ज्या पाठीवर एवढी इज्जत अवलंबून, ती पैलवान सहजासहजी उघडी कशी ठेवील? तो खडाखडीला उतरतो तोच कमरेत वाकून, खांदे पुढे घेऊन. समोरच्याने पट काढायला झेप घेतली तर आपण त्याच्याहून खाली हवं. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली हात लावायला बंदी असते, म्हणून तिथले मल्ल त्या मानाने उभट लढतात. फ्रीस्टाइलवाल्याला पाय वाचवायचे असतात, तो वाकतो. नियमपुस्तकातल्या एका ओळीने माणसाच्या पाठीचा आकार ठरतो, हे काही थोडंथोडकं नाही.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला ब्राँझ जिंकून आले, ते फ्रीस्टाइलमध्येच. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा फोटो पाहताना मी पूर्वी पदक पाहायचो. आता मी खांदे पाहतो. शिंप्याने मला बिघडवलं.

आमच्या कोकणात कुस्तीचं एवढं वेड नाही. लाल मातीला इथे तोटा नाही, पण ती आखाड्यात कमी आणि कलमांच्या बुडाशी जास्त. त्यामुळे घाटावर ज्या गोष्टी तालमीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतात, त्या आम्हाला दापोलीच्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे जाऊन शिकाव्या लागल्या. बाईंनी पुतण्याला सदरा काढून उभं केलं आणि त्याची पाठ मला नकाशासारखी वाचून दाखवली. छातीचे स्नायू रोजच्या ठोशांनी आखडलेले, म्हणून ते खांद्यांना पुढे ओढतात. मानेच्या मागचे आणि खांद्यावरचे स्नायू कायम वर उचललेले, म्हणून तेही आखडलेले. उलट दोन खवाट्यांच्या मधले स्नायू ताणून ताणून सैल पडलेले आणि मानेच्या पुढचे आतले बारीक स्नायू आळशी. आखडलेल्यांना जोडणारी एक तिरपी रेघ आणि सैल पडलेल्यांना जोडणारी दुसरी तिरपी रेघ. बाजूने पाहिलं तर खांद्यापाशी चक्क फुली होते. व्लादिमिर यांडा नावाच्या चेक डॉक्टरांनी ही फुली पहिल्यांदा मांडली, असं बाईंनी सांगितलं. मी म्हटलं, आमच्या शिंप्यानेही मांडली आहे, वहीत. बाई हसल्या, पण शिंप्याचं नाव विचारून घेतलं.

खांदा खाली-वर का, तेही कळलं. बॉक्सर जन्मभर एकच पाय पुढे ठेवून उभा राहतो. हनुवटीला आडोसा म्हणून डावा खांदा वर, ठोसा साठवायला उजवा मागे आणि खाली. रोज दोन तास असं उभं राहायचं, तीन वर्षं. अंग बिचारं आज्ञाधारक असतं. मालकाला असंच आवडतं, अशी समजूत करून घेऊन ते त्याच आकारात राहायला लागतं. ज्युदोवाल्यांचंही हेच. एक हात प्रतिस्पर्ध्याच्या कॉलरला, दुसरा बाहीला आणि फेकताना कायम एकाच बाजूला वळायचं.

"म्हणजे हा आजार आहे का?" मी विचारलं.

"आजार नाही, सवय आहे," बाई म्हणाल्या आणि पोराला टेबलावर पालथं झोपवून छाती उचलायला लावली. पोक गेला. पाठ अगदी सरळ झाली. असं होत असेल तर घाबरायचं कारण नाही म्हणे. कोवळ्या वयात मणक्यांचाच आकार पाचरीसारखा होतो तो पोक वेगळा. शॉयरमन या डॅनिश डॉक्टरांच्या नावाने तो ओळखतात आणि तो पालथं झोपूनही जात नाही. पैलवान आणि ज्युदोवाल्या पोरांची कंबर वारंवार मागे वाकते, तिथे मणक्याला बारीक चीर पडू शकते, तीही वेगळी. कंबर महिनोन्‌महिने ठणकत असेल, हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली पडत असेल, तर पोराने मर्दुमकी न दाखवता डॉक्टरांकडे जावं. बाकी वाकडी दिसणारी प्रत्येक पाठ दुखतेच असं नाही आणि दुखणारी प्रत्येक पाठ वाकडी असतेच असंही नाही. हे शेवटचं वाक्य मी आईला सांगितलं नाही. या वयात तिच्या श्रद्धेला धक्का कशाला?

उपाय मात्र सोपा निघाला. बाईंनी विचारलं, संध्याकाळी किती ठोसे मारतोस? पोराने हिशेब करून सांगितलं, बॅगवर पाचशे-सहाशे. "आणि ओढतोस किती?" ओढतो? ओढायचं काय? तर एवढं ढकलल्यावर निदान तेवढंच ओढायला हवं. दाराच्या कडीला रबरी पट्टा अडकवायचा आणि कोपरं मागे नेत, खवाटे एकमेकांजवळ आणत ओढायचा. छाती उघडायची. अधूनमधून उजवा पाय पुढे घेऊनही सराव करायचा. पवित्रा सोडायचा नाही, पण रिंगणाच्या दोरीबाहेर आल्यावर तो तिथेच ठेवून यायचा.

घरी येऊन पोराने रबरी पट्टा मागवायला फोन काढला. आई म्हणाली, "ओढायचंच आहे ना? विहिरीवर रहाट आहे." पंप बसल्यापासून तो रहाट नुसता गंजत होता. पुढचे आठ दिवस आमच्या घरातल्या सगळ्या बादल्या, पिंप, घंगाळं आणि शेजारच्यांच्या कळश्यासुद्धा भरलेल्या होत्या. जास्वंदीला एवढं पाणी झालं की पानं पिवळी पडली.

खरं तर जुन्या तालमींना हा हिशेब ठाऊक असावा, असं मला वाटायला लागलं आहे. दंड काढताना पैलवान खाली जातो आणि वर येताना छाती पुढे काढून मान उंच करतो. तेवढ्या क्षणापुरती दिवसभर मिटलेली पाठ उलटी उघडते. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट्टदादा देवधरांनी मल्लखांब नावारूपाला आणला, तो मल्लांच्याच उपयोगासाठी. त्या खांबावर माणूस जेवढा मागे वाकतो, तेवढा कुस्तीत पुढे वाकत नसेल. मुद्गल तर खांद्यांना चारी दिशांना फिरवून आणतो. पण म्हणून जुनं ते सोनं, असं म्हणायलाही मी तयार नाही. म्हाताऱ्या पैलवानांचे गुडघे मी पाहिले आहेत.

आता भिंतीची गोष्ट. बाईंनी घरी मोजायला एक रीत सांगितली होती. भिंतीला टाचा, कुल्ले आणि खवाटे टेकवून उभं राहायचं, नजर समोर, आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला सहज टेकते का पाहायचं. न टेकल्यास मधलं अंतर मोजायचं. आमच्या पडवीची भिंत चिऱ्याची, गिलावा केलेली. पोर उभा राहिला. आईने मधे बोटं घातली. चार. तिने पेन्सिलीने भिंतीवर खूण केली, जशी आमच्या लहानपणी उंचीची करायची. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू ये."

मी कधी कुणाला ठोसा मारलेला नाही. वरिष्ठांना मारावासा वाटला होता, पण मनातल्या मनात. मी भिंतीला टेकलो. आईने चार बोटं घातली, थांबली आणि दुसऱ्या हाताचं एक बोट वाढवलं. पाच. तीन वर्षं बॉक्सिंग करणाऱ्यापेक्षा ३१ वर्षं फायली पाहणाऱ्याचं डोकं एक बोट जास्त पुढे! बाई सांगत होत्या, माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं असतं, म्हणजे सात-आठ सोललेले नारळ. ते मणक्यांच्या बरोबर वर असेल तर तोललं जातं, पुढे गेलं की सगळा भार मानेच्या मागचे स्नायू धरून बसतात. मी सात-आठ नारळ ३१ वर्षं हात लांब करून धरले होते आणि त्याबद्दल मला पदक नाही, साधा कापही नाही.

तेवढ्यात आमची नेहमीची मासेवाली आली. बंदरावरचा लिलाव आटोपला की ती थेट आमच्याकडे येते. चुंबळीवर पाटी, पाटीत बांगडे आणि थोडी कोळंबी. तिने मान जराही न हलवता गुडघ्यात बसत पाटी ओट्यावर उतरवली. आई म्हणाली, "ये गो, जरा भिंतीला पाठ लाव बघू." बिचारी घाबरली. तिला वाटलं, कुणाची तरी उंची जुळवताहेत. पण टेकली. टाचा, पाठ, खवाटे आणि डोकं, सगळं एका दमात भिंतीला. आईला एक बोट काय, पेन्सिलसुद्धा घालता येईना. आईचा चेहरा उजळला. तिने आमच्या दोघांकडे अशा नजरेने पाहिलं की पुतण्याने दोन्ही मुठी गालांपाशी नेल्या.

मीही भारावून जाऊन काहीतरी बोलणार होतो, श्रम, परंपरा वगैरे. पण मासेवाली म्हणाली, "ताठ दिसते हो आजी, पण मान रात्रीची ठणकते बघा. वीस-वीस किलो डोक्यावर. झोप नाय लागत." म्हणजे वाकून धरलं तरी मान जाते आणि सरळ ठेवलं तरी वरचं ओझं ती दाबतच असतं. बाईंनी शिकवलेले मानेचे दोन व्यायाम पुतण्याने तिला तिथेच दाखवले. तिने लक्ष देऊन पाहिले आणि बांगड्यांचा भाव मात्र एक रुपयाही कमी केला नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं बंदरावर गेलो. बोटी खोल पाण्यात नांगरलेल्या, माल घेऊन बैलगाड्या पाण्यातून वाळूवर येत होत्या. लिलावाच्या प्रत्येक ढिगाभोवती माणसांचं कडं आणि कड्यातला प्रत्येक जण गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला, पापलेटाचे डोळे पाहत. दिसायला तो थेट कुस्तीचा आखाडाच. पुतण्या समोरच्या सुवर्णदुर्गाकडे पाहत म्हणाला, "काका, हा पण गार्ड घेऊनच उभा आहे." मी नीट पाहिलं. खरंच की. पाण्यात सुवर्णदुर्ग आणि त्याच्या राखणीला किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड, गोवा. आंग्ऱ्यांची हनुवटी समुद्रात आणि तीन मुठी जमिनीवर. एवढा गार्ड असूनही १७५५ साली तुळाजी आंग्ऱ्यांचा हा किल्ला कमोडोर जेम्सच्या तोफांनी पडला. पेशवे आणि इंग्रज दोघं मिळून आले होते. दोघांनी एकदम मारायचं, हे कुठल्याच खेळाच्या नियमात बसत नाही. जेम्सच्या बायकोने पुढे लंडनमध्ये त्याच्या आठवणीसाठी या किल्ल्याच्या नावाचा एक मनोरा बांधला, तो अजून उभा आहे. ताठ आहे म्हणतात.

लग्न पार पडलं. पॅड घातलेल्या कुर्त्यात पोराचे दोन्ही खांदे एका रेषेत दिसले आणि व्याह्यांकडच्या एका आजोबांनी "मुलगा लष्करात आहे का?" असं विचारलं. आईने "हो" म्हणून टाकलं.

तो पुण्याला परत गेला. जाताना रबरी पट्टा विकत घेऊन गेला, कारण वसतिगृहात रहाट नाही. रविवारी फोनवर आई त्याला आधी ओढण्याचा आकडा विचारते, मग जेवणाचा. गणपतीला येईल तेव्हा पडवीत पुन्हा मोजणी आहे. त्याच्या खुणेखाली आईने तारीख घातली आहे. माझ्या खुणेखालीही घातली आहे. काल तिने मला न सांगता पुन्हा बोटं घालून पाहिली. पाचच होती.